प्रश्न तुमचे, उत्तरं मनोऱ्यातून

गेल्या अंकात गणिताच्या शिकवणीबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य टाकलं होतं: शाळेच्या चॅपलमध्ये मी कॅरिलॉनही वाजवते. पत्रं आली ती जवळजवळ सगळी त्या एका वाक्याबद्दल. गणिताबद्दल एकच आलं, आणि तेही तक्रारीचं. संपादक म्हणाले, या वेळचं सदर घंटांनाच देऊन टाका.

तो लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी ईशान्य अमेरिकेतल्या एका निवासी शाळेत शिकवते. शाळेला दगडी चॅपल आहे, चॅपलला मनोरा आहे आणि मनोऱ्यात कॅरिलॉन आहे. कॅरिलॉन म्हणजे स्वरात लावलेल्या किमान २३ कांस्य घंटांचं वाद्य. घंटा जागच्या हलत नाहीत, हलतो तो आतला लोलक. प्रत्येक लोलकापासून तारा निघून खालच्या खोलीतल्या एकेका लाकडी दांड्याला जोडलेल्या असतात. दांड्यांच्या दोन ओळी, खाली पायांसाठी पेडल, समोर बाक. दांडे अर्धवट मिटलेल्या मुठीने, करंगळीच्या बाजूने दाबायचे. वीज लागते ती फक्त दिव्यापुरती.

ताई, आमची मुलगी अशाच एका बोर्डिंग शाळेत आहे. ग्रॅज्युएशनला गेलो होतो. पत्रिकेत ‘चॅपलमध्ये कॅरिलॉन वादन’ असं छापलं होतं, म्हणून वेळेआधी जाऊन पहिल्या बाकावर बसलो. आत आम्ही दोघंच! वरून नुसतं दबलेलं ठणठण ऐकू आलं. वादन झालं तरी कुठे? — एक पालक

झालं ते तुमच्या डोक्यावरच, फक्त तुमच्यासाठी नव्हे. मनोऱ्याच्या झरोक्यांतून आवाज बाहेर फेकला जातो, चॅपलमध्ये उतरत नाही. दोष पत्रिकेचा. ‘चॅपलमध्ये’ ऐवजी ‘चॅपलसमोरच्या हिरवळीवर’ छापलं असतं तर तुम्ही चटई घेऊन बाहेर बसला असतात. आमच्याकडची पत्रिका मी स्वतः तपासते ती एवढ्याचसाठी.

पुढच्या वेळी मनोऱ्याच्या उंचीइतके तरी लांब जा, जमलं तर दुप्पट. अगदी पायथ्याशी उभं राहिलं तर लहान घंटांचा कर्कश टणत्कार आणि यांत्रिक खडखड जास्त येते, मोठ्या घंटा डोक्यावरून निघून जातात. लांब गेलं की स्वर एकमेकांत मुरतात. झाडाखाली बसायला हरकत नाही. पार्किंगजवळ मात्र नको. वाऱ्याची दिशा बघा, तो मनोऱ्याकडून तुमच्याकडे येत असेल तर उत्तम.

वादक दिसत नाही याची सवय करावी लागते. हल्ली काही ठिकाणी खाली पडदा लावून वादकाचे हातपाय दाखवतात. लोकांना ते आवडतं. मला विचाराल तर डोळे त्या पडद्यावर खिळले की कान अर्धे मिटतात. आणि टाळ्या वाजवा जरूर, पण वरच्या बंद खोलीत त्या क्वचितच पोचतात. अमेरिकेत काही गावांत लोक गाडीतच बसून ऐकतात आणि तुकडा संपला की हॉर्न वाजवतात. तो मात्र पोचतो.

हे सगळं खरंच कुणी माणूस वाजवतं? की घड्याळाच्या टोल्यांसारखं यंत्र? आमच्या ओळखीतले एक जण म्हणतात की वर नुसते स्पीकर असतात. — एक शंकेखोर वाचक

तुमचे ओळखीचे एकदम चूक नाहीत. कितीतरी चर्चच्या मनोऱ्यांत आज स्पीकरच आहेत आणि त्यांनाही खुशाल कॅरिलॉन म्हणून टाकतात. खरी घंटा विकत घ्यायची, टांगायची, सांभाळायची तर पैसा आणि पोलाद दोन्ही लागतं.

ओळखायची खूण सांगते. माणूस वाजवत असेल तर एकच घंटा कधी हळू, कधी जोरात बोलते, कारण दांडा किती वेगाने खाली गेला त्यावर लोलकाचा आघात ठरतो. यंत्र वाजवत असेल तर हातोडा घंटेवर बाहेरून पडतो आणि दर वेळी तेवढ्याच जोराने. तासाचे टोले असे पडतात. आमच्याही मनोऱ्यात तशी सोय आहे, त्याच घंटांवर, फक्त हातोडे वेगळे. आणि स्पीकर असेल तर शेवटचा स्वर ऐका. खरी मोठी घंटा वाजवल्यावर बराच वेळ गुंजत राहते आणि तिचा रंग बदलत जातो: आधी धातूचा कडक टोला, मग मधला स्वर, शेवटी फक्त खालचा घुमारा. स्पीकरवाले बहुतेक वेळा तो घुमारा मध्येच कापतात.

आणखी दोन भावंडं आहेत, त्यांची गल्लत होते. २३ पेक्षा कमी घंटा असतील तर त्या वाद्याला नुसतं ‘चाइम’ म्हणतात. दुसरं म्हणजे इंग्रजी पद्धतीचं चेंज रिंगिंग. त्यात घंटाच पूर्ण गोल फिरते, प्रत्येक घंटेला एक दोर आणि एक माणूस, आणि धून वाजवायची नसतेच, क्रम बदलत जायचे असतात. अमेरिकेत ग्रोटन आणि केंट या शाळांच्या चॅपलमध्ये ते चालतं. सात घंटांचे ५,०४० वेगवेगळे क्रम होतात आणि एकही क्रम पुन्हा न येता सगळे वाजवायला तीनेक तास लागतात. गणिताच्या बाईला हे कमालीचं मोहात पाडणारं आहे, पण विषय तो नाही.

मी अमेरिकेत मुलाकडे असताना रोज संध्याकाळी विद्यापीठाच्या मनोऱ्यातून घंटा ऐकायची. धून आनंदाची असली तरी ऐकताना उदास वाटायचं, आणि कधी कधी चक्क बेसूर. माझा कान खराब की घंटा? — एक आजी

आजी, तुमचा कान फार चांगला आहे. तुम्हाला जे ऐकू आलं ते खरंच तिथे होतं.

तंबोऱ्याची खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून आपोआप गंधार ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, आणि तो शुद्ध असतो. तारेचे उपस्वर मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे सरळ पाढ्यात येतात, आणि पाचपटीवर शुद्ध गंधार बसलेला असतो. घंटा पाढा पाळत नाही. तिच्या आकारातून निघणारे उपस्वर निराळे. नीट लावलेल्या घंटेचा सगळ्यात खालचा घुमारा १ धरला, तर त्यावरचे महत्त्वाचे स्वर २, २.४, ३ आणि ४ पटीला येतात. आपल्या भाषेत: मंद्र सा, मध्य सा, पंचम, तार सा, आणि त्यांच्यात ठाण मांडून बसलेला तो २.४ वाला, म्हणजे कोमल गंधार.

म्हणजे प्रत्येक घंटा स्वतःचा कोमल गंधार जन्मतः घेऊन येते. कुठलाही स्वर वाजवा, त्याच्या वर त्याचा कोमल गंधार हळूच बोलतो. उदासी तिथून येते. आणि धून जर शुद्ध गंधाराची असेल, तर खालच्या घंटेचा कोमल गंधार आणि वरच्या घंटेवर वाजवलेला शुद्ध गंधार एकमेकांना घासतात. ते तुम्हाला बेसूर वाटलं. घंटा चांगली होती, तिच्यावर लादलेली धून चुकीची निवडली होती किंवा नीट मांडली नव्हती.

अर्थात घंटाच वाईट असण्याचीही शक्यता असते, आणि शतकानुशतकं बहुतेक घंटा तशाच होत्या. कारण हे पाच उपस्वर आपोआप जागेवर येत नाहीत. सतराव्या शतकात उत्रेख्त शहरात याकोब फान आइक नावाचा अंध कॅरिलॉन वादक होता. घंटेला हात न लावता, तिच्याजवळ योग्य स्वरात शीळ घातली की तिच्यातला तेवढाच उपस्वर जागा होतो, हे तो दाखवायचा. कुठला उपस्वर कुठे बसलाय हे त्याला अशा तऱ्हेने वेगवेगळं ऐकता आलं. त्याचं हे ज्ञान आणि फ्रांस्वा व पीटर हेमोनी या ओतारी भावांचं कसब एकत्र आलं, आणि १६४० च्या दशकात झुटफेन गावासाठी त्यांनी नीट सुरात लावलेला पहिला कॅरिलॉन घडवला. कृती अशी: घंटा किंचित जाड ओतायची, उलटी ठेवून फिरवायची आणि आतून पातळ थर कापत जायचा. कुठल्या उंचीवर कापलं यावर कुठला उपस्वर किती उतरेल हे ठरतं. धातू काढता येतो, परत चिकटवता येत नाही, तेव्हा एक कापा जास्त बसला तर घंटा पुन्हा भट्टीत.

पीटर १६८० मध्ये गेला आणि ही विद्या जवळजवळ त्याच्यासोबत गेली. पुढची दोनशे वर्षं लोक चांगल्या हेमोनी घंटा ऐकत राहिले, पण तशा करणं कुणाला साधेना. १८९० च्या दशकात आर्थर सिम्प्सन या इंग्लिश पाद्र्याने उपस्वरांचा हिशेब पुन्हा मांडला, आणि लफबरोच्या जॉन टेलर यांच्या कारखान्याने तो अमलात आणला. पाद्री होता, ओतारी नव्हता, हे मला विशेष आवडतं. नुसत्या तक्रारखोर कानाने तो तिथवर पोचला. तुम्ही आणि तो एकाच जातीचे, आजी.

शुद्ध गंधाराची घंटा कुणी केलीच नाही का, असं तुम्ही विचाराल. केली आहे. हॉलंडमधल्या आस्टन गावच्या आइसबाउट्स कारखान्याने १९८० च्या दशकात संगणकावर आकाराचं गणित सोडवून तशा घंटा ओतल्या. त्यांच्या कमरेला फुगवटा असतो. मी ऐकल्या आहेत. सुरात आहेत, प्रश्नच नाही. पण घंटेतली घंटा हरवल्यासारखी वाटते.

आपला एखादा राग कॅरिलॉनवर वाजवता येईल का? भूप सोपा म्हणून विचारतो. — पेटी वाजवणारा एक हौशी

तुम्ही पेटीवाले, त्यामुळे मींड नाही म्हणून रडणार नाही, हे बरं. मींड नाही, श्रुती नाहीत, पेटीसारखेच बारा समान स्वर. पण पेटीवर बोट उचललं की स्वर थांबतो. इथे थांबवायची सोयच नाही. एकदा टोला पडला की ती घंटा तिच्या मर्जीने विझणार. मोठी घंटा वाजवून ठेवलीत तर पुढच्या कितीतरी स्वरांखाली ती तशीच गुंजत राहते, तुम्हाला हवी असो वा नसो. कॅरिलॉन वादकाचं निम्मं डोकं पुढचा स्वर कुठला यात असतं आणि निम्मं, मागचा अजून किती शिल्लक आहे यात.

आता भूप. तो सोपा तुमच्यासाठी. माझ्यासाठी तो मोठा त्रासदायक राग आहे. आजींच्या उत्तरात लिहिलंय ते इथे लावा. आधार म्हणून तुम्ही खालचा षड्ज वाजवलात की त्या घंटेतून कोमल गंधार निघाला. वर तुमची धून शुद्ध गंधारावर येऊन विसावते, कारण भूपात तो वादी. म्हणजे रागाचा सगळ्यात लाडका स्वर येतो तेव्हाच खालून त्याला चिमटा. पंचमाची खालची घंटा घ्यावी तर तिचा कोमल गंधार म्हणजे आपला कोमल निषाद, भूपात वर्ज्य. रिषभाची घेतली तर मध्यम डोकावतो, तोही वर्ज्य. गंधाराची घेतली तर तिचा कोमल गंधार होतो पंचम, तो चालतो, पण तिचा पंचम होतो शुद्ध निषाद. पुन्हा वर्ज्य.

राहिला धैवत. मंद्र धैवताची घंटा वाजवा. तिचा कोमल गंधार कुठे पडतो? आपल्या षड्जावर. तिचा पंचम? आपल्या गंधारावर. एका टोल्यात ध, सा, ग, तिन्ही भूपातले! मला हे पहिल्यांदा कागदावर दिसलं तेव्हा मी वर्गात मुलांना बीजगणित सोडवायला बसवलं होतं आणि त्यांच्यापेक्षा मीच जास्त खूश होते. धोका एकच. मंद्र धैवत सारखा घुमू लागला की ऐकणाऱ्याचा कान त्यालाच सा समजायला लागतो, आणि मग तुमचा भूप राहत नाही, मूर्च्छना फिरून, म्हणजे आधाराचा सा बदलून, तो धानी हा वेगळाच राग होतो. म्हणून तो क्वचित द्यायचा, आणि षड्ज वरच्या लहान घंटांवर ठसवायचा. लहान घंटा लवकर विझतात, त्यांचा कोमल गंधार फार वेळ टिकत नाही.

पण मुळात भूपाचाच हट्ट का? शिवरंजनी घ्या. सा, रे, कोमल ग, प, ध. षड्जाच्या घंटेतून निघणारा कोमल गंधार आणि पंचम दोन्ही रागाचेच. खालचा षड्ज बिनधास्त घुमू द्या. भीमपलासचंही बरं जमतं. मालकंस मनात येईल, कारण कोमल गंधार आहेच, पण त्यात पंचम वर्ज्य आणि घंटेत तो असतोच. सुदैवाने घंटेचा पंचम दुबळा असतो, त्यामुळे मालकंस चालून जातो. ज्याचा कान तिखट त्याने लांब बसावं.

कॅरिलॉनसाठी मुद्दाम लिहिलेलं पाश्चात्त्य संगीतही याच वाटेने गेलं आहे. अठराव्या शतकातल्या लूव्हेनच्या माटियास फान डेन गाइनची प्रेल्यूड आजही सगळीकडे वाजतात. त्यांत खालच्या घंटा मोजून-मापून येतात आणि वर बारीक स्वरांची धावपळ असते. विसाव्या शतकात अमेरिकन रचनाकारांनी अर्ध्या आणि पूर्ण स्वराची अंतरं आलटून-पालटून ठेवलेली आठ स्वरांची मालिका फार वापरली. तिच्यात कोमल गंधाराच्या अंतरावरचे स्वर जागोजाग सापडतात, म्हणून घंटांना ती मानवते. पियानोवरची चीज जशीच्या तशी मनोऱ्यावर नेऊन ठेवणारे वादकही आहेत. त्यांच्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही, परिषदेत भेटतात.

कॅरिलॉन मूळचा बेल्जियम-हॉलंडचा. मग अमेरिकेतल्या शाळांच्या चॅपलमध्ये तो कसा आला? — एक निवृत्त इतिहास शिक्षक

सर, याचं मूळ एका माणसात आणि एका युद्धात आहे. माणूस म्हणजे बेल्जियममधल्या मेखेलेन शहराचा नगरवादक येफ डेनाइन. १८९२ पासून त्याने सेंट रंबोल्डच्या मनोऱ्यातून उन्हाळ्यात सोमवारी संध्याकाळी मैफली सुरू केल्या. तोवर कॅरिलॉन म्हणजे बाजारच्या दिवशी चालू असणारा आवाज होता. बसून, शांत राहून ऐकायची गोष्ट तो डेनाइनमुळे झाला. तारा आणि लोलक यांची जोडणीही त्याने सुधारली, त्यामुळे हळू वाजवणं शक्य झालं. १९२२ मध्ये मेखेलेनला कॅरिलॉनची शाळा निघाली. पहिल्या महायुद्धात बेल्जियमची जी वाताहत झाली, तिच्या बातम्यांबरोबर तिथल्या मनोऱ्यांची नावंही अमेरिकेत घरोघरी पोचली होती.

त्याच १९२२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर या कोळ्यांच्या गावातल्या चर्चमध्ये टेलरच्या घंटा आल्या. पुढची दहा वर्षं म्हणजे धडाकाच. न्यूयॉर्कचं रिव्हरसाइड चर्च आणि शिकागो विद्यापीठाचं रॉकफेलर चॅपल, दोन्हीकडे जॉन डी. रॉकफेलर धाकट्याने आईच्या स्मरणार्थ कॅरिलॉन दिले. रिव्हरसाइडची सगळ्यात मोठी घंटा सुमारे १८ टनांची आहे. पेन्सिल्व्हेनियातल्या मर्सर्सबर्ग अकॅडमीचं चॅपल राल्फ ॲडम्स क्रॅमने आखलं आणि १९२६ मध्ये तिथे क्रॉयडनच्या गिलेट अँड जॉन्स्टनच्या घंटा चढल्या. निवासी शाळांना त्या काळी माजी विद्यार्थ्यांची स्मारकं हवी होती, दात्यांकडे पैसा होता, आणि मनोरा बांधायचा तर त्यात काहीतरी हवंच. मेखेलेनला शिकलेले काही वादक अमेरिकेत स्थायिक झाले आणि त्यांनी इथली पिढी घडवली. वादकांची उत्तर अमेरिकेतली संघटना १९३६ ची.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी युरोपभरच्या घंटा तांब्या-कथिलासाठी उतरवून नेल्या. घंटेच्या कांस्यात सुमारे ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील असतं, दोन्ही युद्धसामग्रीला हवं. लाखाहून अधिक घंटा वितळल्या. तेव्हा या शाळा-विद्यापीठांतले मनोरे मात्र शाबूत राहिले.

थंडीत घंटांचा सूर उतरतो का? — एक जिज्ञासू

घंटांचा नाही, तारांचा घोळ होतो. तापमान बदललं की लांबच लांब तारा आखडतात किंवा सैलावतात, मग लोलक घंटेच्या फार जवळ येतो किंवा फार लांब राहतो. प्रत्येक दांड्यावर तार कमी-जास्त करायचा एक फिरता स्क्रू असतो. वादनाआधी एकेक दांडा दाबून तो फिरवत बसायचं. हिवाळ्यात हे काम हातमोजे घालून होत नाही, एवढंच सांगते. आवाज वर्षानुवर्षांनी कर्कश होतो तो लोलकाचा आघाताचा भाग सपाट झाल्यामुळे. तो पुन्हा गोल करून घेतला की घंटा परत माणसात येते.

मी नववीत आहे आणि सात वर्षं पियानो शिकतोय. पुढच्या वर्षी अमेरिकेत शाळेत जाणार आहे, तिथे कॅरिलॉन आहे. मला शिकता येईल का? हात दुखतात का? मोठ्या घंटेचा दांडा माझ्याने दाबला जाईल का? — एक विद्यार्थी

तुला नक्की येईल. पियानो येतो म्हणजे दोन ओळी एकदम वाचता येतात, अर्धं काम तिथेच झालं. ऑर्गन येत असता तर पायांचंही झालं असतं.

ताकदीची भीती सोड. मोठ्या घंटांचे लोलक प्रतिभार किंवा स्प्रिंग लावून तोललेले असतात, आणि त्या बहुतेक पायांनी वाजवायच्या असतात. त्या किती मोठ्या असतात याचा अंदाज हवा असेल तर एक हिशेब घे: आकार तोच ठेवून घंटेचा व्यास दुप्पट केला तर स्वर एक सप्तक खाली जातो आणि वजन आठपट होतं. चार सप्तकांत काय होईल ते तूच काढ, आणि मग उलटं पाहा की सगळ्यात लहान घंटा किती किरकोळ निघते. प्रत्यक्षात लहान घंटा या हिशेबापेक्षा बऱ्याच जाड करतात, नाहीतर त्या ऐकूच येणार नाहीत.

सुरुवातीला करंगळीच्या कडेला लाली येईल, काहींना घट्टा पडतो. काही जण तिथे चामड्याची टोपी चढवतात. मनगट ताठ ठेवून आपटणारी मुलं मला पहिल्याच तासाला ओळखू येतात: आवाज मोठा, पण सगळे स्वर एकाच जोराचे. दांडा आधी हलकेच थोडा खाली घ्यायचा, तार ताणलेली जाणवली की तिथून पुढे झटका. एका हाताने दोन दांडे घ्यायचे असतील तर मूठ उघडून बोटं पसरायची, तेही हळूहळू येतं.

सरावाची चिंता करू नकोस, रोज साऱ्या शाळेला तुझ्या चुका ऐकाव्या लागणार नाहीत. सरावासाठी तसाच दुसरा कीबोर्ड असतो, त्याचे दांडे घंटांऐवजी धातूच्या छोट्या पट्ट्यांवर टोले देतात. तिथे पक्कं झालं की मगच वर. येल विद्यापीठात हार्कनेस मनोऱ्यातला ५४ घंटांचा कॅरिलॉन विद्यार्थीच वाजवतात, आणि त्यांच्यातल्या अनेकांनी तिथे येण्याआधी हे वाद्य पाहिलेलंही नसतं. शाळेत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात संगीत विभागात जा आणि वादक कोण आहेत ते विचार. शिकायला येणारं मूल आम्हाला फार क्वचित मिळतं, तेव्हा ते तुला सहजासहजी सोडणार नाहीत.

घंटांच्या अगदी शेजारी जायचं असेल तेव्हा कानात बोळे घाल, आणि तासाचा टोला कधी पडणार ते आधी घड्याळात बघ. गोल जिना चढताना हात मोकळे हवेत म्हणून वह्या पाठीवरच्या पिशवीत. आणि बूट पातळ, अरुंद तळव्याचे आण. जाड खेळाच्या बुटांनी एका वेळी दोन पेडल दाबली जातात.